उमाटे साहेबांची सिस्टिम

आमच्या संस्थेच्या वर्ध्यातल्या मुख्य कार्यालयात मे महिन्यात थंड हवा एकाच खोलीत असायची. तिच्या दारावर 'सर्व्हर रूम' अशी पाटी होती. आत सर्व्हर नव्हता. तो हैदराबादेकडे कुठंतरी आहे असं आम्ही ऐकून होतो. आत होते विनायकराव उमाटे. बाहेर आम्ही कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत बसायचो, आणि काचेपलीकडे साहेब हाफ स्वेटर घालून बसलेले दिसायचे. एसी जरा कमी करा नं साहेब, दार उघडं ठेवा, आम्हालाही हवा येईल, असं कोणी म्हटलं की त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

"माह्यासाठी लावला का बे हा एसी? मशीन गरम झाली तं अख्ख्या जिल्ह्याचा डेटा उडून जाईन. मंग तू देशीन का भरून?"

मशीन म्हणजे त्यांच्या टेबलावरचा एक साधा संगणक. माझ्या टेबलावर होता तसाच. फरक इतकाच की माझा चालू असायचा.

संस्थेचं नाव मी घेत नाही. मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. हिंगणघाटापासून आष्टीपर्यंत आमच्या शाळा आहेत, मुलींची वसतिगृहं आहेत. या सगळ्यांतल्या शिक्षकांची, शिपायांची, स्वयंपाकिणींची सेवापुस्तकं आमच्या आस्थापना शाखेत राहायची. माणूस नोकरीला लागला की त्याचं सेवापुस्तक उघडायचं. नेमणूक, पगारवाढ, रजा, बदली, बढती, शिक्षा, सगळं त्यात चढवायचं आणि तो निवृत्त झाला की त्याच्या आधारानं पेन्शन काढायची. कंटाळवाणं काम. पण त्यात चूक झाली तर माणसाचं आयुष्य अडतं, एवढं आमच्या शाखेतल्या नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळायचं. उमाटे साहेबांना ते निवृत्तीपर्यंत कळलं नाही.

आमचे सचिव एकदा कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना 'पेपरलेस' हा शब्द घेऊन आले. महिन्याभरात प्रणाली विकत घेतली गेली. सगळी सेवापुस्तकं संगणकावर जाणार, कर्मचाऱ्याला एक नंबर मिळणार, बटण दाबलं की त्याची कुंडली समोर. या कामाला एक नोडल अधिकारी पाहिजे होता. उमाटे तेव्हा वरिष्ठ लिपिक होते. संगणकावर पत्ते खेळण्यापलीकडं त्यांनी कधी काही केलं नव्हतं. पण सचिव बोलत असताना सगळ्यात आधी मान त्यांची हलायची. ती इतकी लयीत हलायची की बोलणाऱ्याला आपण फार महत्त्वाचं बोलतो आहोत असं वाटू लागायचं. सचिवांनी त्या मानेकडे बघितलं आणि नेमणूक करून टाकली. मागोमाग अधीक्षकपदही आलं.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. जो भेटेल त्याला ते देत. केस काळे करून घेतले. कागद संपवायला निघालेल्या या माणसाच्या खिशाला तीन पेनं असायची, आणि मी त्यांच्या समोर नऊ वर्षं बसले पण त्यातलं एकही कागदाला लागलेलं पाहिलं नाही. सकाळी आले की आधी पिवळ्या फडक्यानं पडदा पुसायचे, मग मॉनिटरला उदबत्ती ओवाळायचे. मग हाक मारायचे, "झाडे मॅडम, लॉगिन करून द्या जी." पासवर्ड त्यांना आठवत नसे. तो मला पाठ होता. कधी मी रजेवर असले की त्या दिवशी प्रणाली बंद असल्याचं ते फोनवरून सगळ्या शाळांना कळवत.

त्यांचं एक वाक्य होतं: "कागद झोपते, सिस्टिम जागी राह्यते." बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एका शिपायाच्या वडिलांच्या तेरवीतसुद्धा मी हे वाक्य ऐकलं आहे. ऐकणारा गप्प राहिला की ते पुढं म्हणत, "पाहा, विचारात पडला."

सेवापुस्तकं स्कॅन करायचा ठेका दिला होता. ठेकेदाराची पोरं तळमजल्याच्या सभागृहात यंत्रं मांडून बसली. पुस्तकाचं एकेक पान उलटून काचेवर ठेवायचं म्हटलं तर वेळ लागतो. उमाटे साहेबांनी खाली जाऊन पाहणी केली आणि तोडगा काढला: शिलाईवरून कापा. पुस्तकांचे कणे कटरनं उडवले गेले, सुटी पानं गठ्ठ्यानं यंत्रात जाऊ लागली. डोक्यावर पंखे फिरत होते. मी खाली गेले तेव्हा एक पोरगा जमिनीवरची पानं गोळा करून, ठोकून सारखी करून, जो गठ्ठा जवळ असेल त्यात घालत होता. मी वर येऊन सांगितलं. साहेबांनी मान हलवली, पण ती सचिवांसाठी हलायची तशी नाही, माशी हाकलावी तशी.

"झाडे मॅडम, तुमी लय बारीक पाह्यता. जंगल पाहा, झाडं नोका पाहू." आणि मग आपल्याच विनोदावर, माझ्या आडनावावर, ते बराच वेळ हसले.

त्याचं फळ आमच्या भोयरला आधी मिळालं. भोयर म्हणजे आमचा शिपाई, मिशीला पीळ देणारा, आर्वीकडचा गडी. त्यानं रजा मागितली तेव्हा प्रणालीनं सांगितलं की त्यानं याआधी बाळंतपणाची रजा घेतलेली आहे. कोणा शिक्षिकेचं पान त्याच्या गठ्ठ्यात गेलं होतं. भोयर लाजून लाल झाला. कार्यालयात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बायका त्याला डिंकाचे लाडू आणू का विचारत होत्या. तो बिचारा साहेबांकडे गेला.

"साहेब, थे काढून टाका नं जी. पोट्टे हासून राह्यले."

"काऊन काढू? रजा मंजूर हाये का नाई?"

"मंजूर हाये जी, पण…"

"मंग झालं नं! सिस्टिमनं मंजूर केली, तुले काय तरास आहे? गप बस."

ते पान अजून तिथंच आहे. ते काढायचं तर 'दुरुस्ती' उघडावी लागते, आणि दुरुस्ती उघडली की त्या शाखेचा रंग बदलतो. इथं रंगाचं सांगायला पाहिजे. प्रणालीच्या पहिल्या पानावर सगळ्या शाळांची नावं यायची. काम पूर्ण असेल तर हिरवी, अर्धवट असेल तर पिवळी, चुका असतील तर लाल. सचिवांच्या मोबाइलवरही ते पान दिसायचं. चहा पिता पिता ते बोटानं खालीवर करायचे आणि हिरवं दिसलं की खूश व्हायचे. उमाटे साहेबांनी हे एवढंच नीट ओळखलं होतं. आत काय भरलं आहे हे कोणी उघडून बघत नाही. वरचा रंग सगळे बघतात.

कापलेली पानं पोत्यांत भरून मागच्या शेडमध्ये टाकली होती. शेड रिकामी करायची म्हणून पुढच्या उन्हाळ्यात ती पोती रद्दीत गेली. मी विचारलं, साहेब, मूळ कागद? त्यांनी बोट संगणकाकडे दाखवलं. एक मात्र सांगते. त्यांचं स्वतःचं सेवापुस्तक कापलं गेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः खाली नेलं, पोराच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, आणि एकेक पान काचेवर सपाट ठेवून घेतलं. फोटो आवडेना म्हणून चार वेळा काढला. प्रणालीत त्यांची नोंद इतकी नितळ आहे की कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेचं प्रशस्तिपत्रसुद्धा तिच्यात जागच्या जागी आहे. ते मूळ पुस्तक आजही त्यांच्या घरी, पिपरी मेघेच्या बंगल्यात, कपाटात असेल.

आता सुनीता मॅडमचं.

सुनीता रमेश मून आमच्या आष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. आष्टीत अर्ध्या घरांमधून त्यांच्या हाताखालून गेलेलं कोणी ना कोणी निघायचं. तहसील कार्यालयातला बाबू, मेडिकलवाला, दोन डॉक्टर. दुसऱ्या सुनीता रमेश मून सेवाग्राम रोडवरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मून आडनाव आमच्याकडे गावोगाव आहे, सुनीता आणि रमेश तर गल्लोगल्ली.

एका दुपारी प्रणालीनं विचारलं: या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? वसतिगृहाच्या सुनीताबाईंचं जन्मतारखेचं पान गहाळ होतं, त्यामुळं रकाना कोरा होता आणि यंत्राला दोघींत फरक दिसेना. खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं होती. लॉगिन करून द्यायला मी काचेच्या आत उभी होते.

"साहेब, या दोन वेगळ्या बाया आहेत," मी म्हटलं. "एक आष्टीला शिकवते, एक इथं स्वयंपाक करते. 'नाही' दाबा."

"'नाही' दाबलं तं काय होते?"

"दोन्हींची पडताळणी करावी लागते. माणूस पाठवायचा, कागद मागवायचे."

"आणि तवरोक रंग?"

"पिवळा."

त्यांनी 'होय' दाबलं. स्वतःच्या बोटानं. मला आठवतं कारण त्या संगणकावर त्यांनी स्वतः दाबलेलं ते मी पाहिलेलं पहिलं बटण होतं. पडदा हिरवा झाला. त्याच वर्षी 'एकही दुबार नोंद नाही' म्हणून संस्थेच्या वर्धापनदिनी त्यांना मानचिन्ह मिळालं. भाषणात ते म्हणाले, कागद झोपते. टाळ्या पडल्या.

सुनीता मॅडमना हे कळायला वेळ लागला, कारण पगार सरकारी मार्गानं वेगळा यायचा. आष्टीचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले तेव्हा सेवाज्येष्ठता यादी निघाली. यादी प्रणालीतून निघते. सगळ्यात ज्येष्ठ सुनीता मॅडम होत्या, हे शाळेतल्या घंटा देणाऱ्यालाही माहीत होतं. त्यांनी शाळेच्या विज्ञान खोलीचं कसं करायचं हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. ती खोली वर्षानुवर्षं कुलूपबंद होती, आत तुटके बाक कोंबलेले. किल्ली मुख्याध्यापकांकडे असायची. "किल्ली हातात आली की पहिल्या दिवशी बाक बाहेर काढीन," असं त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. यादीत त्यांचं नावच नव्हतं. पहिलं नाव त्यांच्याहून बऱ्याच कनिष्ठ असलेल्या एका सरांचं होतं.

त्या सकाळच्या एसटीनं वर्ध्याला आल्या.

"साहेब, माझं नाव यादीत नाही."

साहेबांनी मला बोलावून नाव टाकायला सांगितलं. पडद्यावर सुनीता रमेश मून आल्या: पद स्वयंपाकीण, शिक्षण बी.एस्सी. बी.एड., ठिकाण वसतिगृह.

"आहे नं नाव," साहेब म्हणाले. "तुमी वसतिगृहात आहा."

"मी आष्टीला शिकवते, साहेब. तुम्ही मला ओळखता. तुमच्या पुतण्याला दहावीत मीच शिकवलं."

"थे मी ओळखून काय फायदा, मॅडम? सिस्टिमनं ओळखलं पाह्यजे."

मला वाटलं त्या चिडतील. त्या खुर्ची ओढून बसल्या, पर्समधून पाण्याची बाटली काढून प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग आता काय करायचं ते सांगा."

"अर्ज करा."

अर्ज केला. उत्तर नाही. पुन्हा आल्या, पुन्हा अर्ज. सचिवांना भेटल्या. सचिवांनी त्यांना मोबाइल दाखवला. आष्टी हिरवी होती.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा एकट्या आल्या नाहीत. वसतिगृहात जाऊन त्यांनी दुसऱ्या सुनीताबाईंना शोधून काढलं होतं. दोघी आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मॅडमनी आष्टीहून भाकर आणि वांग्याची भाजी आणली होती, सुनीताबाईंनी वसतिगृहातली झुणक्याची डबी. साहेब मिटिंगमध्ये आहेत असं भोयरनं सांगितलं. काचेतून साहेब दिसत होते; ते नखं कापत होते. दोघींनी सावकाश जेवण केलं, हात धुतले, डबे पुसले, आणि दार ढकलून सरळ आत गेल्या. आम्ही सगळे उठून काचेपाशी उभे राहिलो.

"साहेब," सुनीता मॅडम म्हणाल्या, "तुमच्या सिस्टिममध्ये आम्ही दोघी मिळून एकच बाई आहे. आम्ही दोघी उभ्या आहोत. नकली कोणती ते सांगा."

साहेबांनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, मग संगणकाकडे बघितलं. संगणक बंद होता.

"असं तोंडी नाई सांगता येत," ते म्हणाले.

"मी सांगतो नं," सुनीताबाई पुढं सरल्या. "साहेब, माह्या नावावर बीएड लागलं म्हणे. मले शाळेत पाठवा शिकवाले. अन् या मॅडमले धाडा वसतिगृहात, शंभर पोरीयच्या पोळ्या लाटाले. करा ऑर्डर."

"बाई, तुमी मधात नोका बोलू."

"मधात मी काऊन आली, साहेब? तुमीच आणलं मले मधात. मी तं आपल्या चुलीपाशी होतो."

काचेबाहेर कोणीतरी फसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी. माणूस कितीही कोडगा असला तरी दोन जिवंत बाया समोर उभ्या असताना त्याला काहीतरी होईल. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर अंगात घातला, घंटी वाजवली आणि भोयरला म्हणाले, "या दोघींची एन्ट्री रजिस्टरमध्ये घेतली का? आयकार्डाबिगर आत कशा आल्या?"

पण त्या दिवशीचं हसू सचिवांपर्यंत गेलं असावं. आठवड्यानं साहेबांनी स्वतः सुनीता मॅडमना फोन केला. आवाजात मध होता. "झालं तुमचं काम, मॅडम. पेढे घेऊन या."

मॅडम खरंच पेढे घेऊन आल्या. साहेबांनी आधी पेढा तोंडात टाकला आणि मग मला नोंद उघडायला लावली. जुनी नोंद वेगळी करायची तर ती चुकीनं एकत्र केली होती असं कबूल करावं लागलं असतं, मानचिन्हाचं काय झालं असतं? म्हणून त्यांनी नवी नोंद काढायला लावली होती, ठेकेदाराच्या माणसाकडून, मला न विचारता. नवी कोरी. सुनीता रमेश मून, विज्ञान शिक्षिका, आष्टी. नेमणुकीची तारीख: मागच्या सोमवारची.

म्हणजे सगळ्या संस्थेत सगळ्यात कनिष्ठ.

मॅडमनी पडदा वाचला. पुन्हा वाचला. केस पिकलेल्या बाईला नव्या नेमणुकीचा नंबर मिळाला होता. पेढ्यांचा खोका त्यांनी टेबलावरून उचलला, झाकण लावलं, आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही वाटून घ्या," म्हणाल्या. "यांना एकच पुरे." साहेब चघळत होते. त्यांना यात नेमकं काय बिघडलं ते कळत नव्हतं. त्यांच्या मते बाई सिस्टिममध्ये नव्हती, आता आहे.

मॅडम नागपूरला न्यायाधिकरणात गेल्या. आमच्या इमारतीत कागद नव्हते, ते रद्दीत गेले होते. पण शाळेचे हजेरीपट होते, निवृत्त मुख्याध्यापक काठी टेकत साक्षीला गेले, आणि स्वयंपाकघर सोडून सुनीताबाई प्रत्येक तारखेला त्यांच्यासोबत बसल्या. साहेबही एकदा साक्षीला गेले. वकिलानं त्यांना विचारलं की या बाई तुमच्याकडे किती वर्षांपासून आहेत असं तुम्हाला वाटतं. साहेब म्हणाले, "वाटण्याचा विषय नाही, माय लॉर्ड. मला काही वाटत नाही." त्यांच्या एवढ्या नोकरीत त्यांनी केलेलं हे एकच विधान मी शब्दशः खरं मानते.

निकाल मॅडमच्या बाजूनं लागला. जुनी सेवा परत मिळाली, ज्येष्ठता मिळाली. पण ते व्हायला वर्षं गेली होती. खुर्चीत बसलेल्या सरांना उठवायचं तर नवा वाद, नव्या तारखा. आणि मॅडमच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते. त्यांनी सोडून दिलं. त्या वेळी कार्यालयात आल्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की खुर्चीचं काय मॅडम, पोरं तुमचीच आहेत.

"असं नोका म्हणू," त्या एकदम आपल्या बोलीवर आल्या. "मले खुर्चीच पाह्यजे होती. काऊन नसावी? मी कमावली होती थे. अन् त्या खोलीची किल्ली पाह्यजे होती. आता त्या बाकायले वाळवी लागली, अन् माह्या हातून एक पोरगं बी त्या खोलीत गेलं नाई."

मी त्यांच्या पेन्शनचे कागद पुढं ओढले.

दरम्यान उमाटे साहेब निवृत्त झाले होते. पेन्शन त्यांना पहिल्याच महिन्यात सुरू झाली, एक दिवस इकडचा तिकडं नाही. संस्थेनं त्यांना सल्लागार म्हणून पुन्हा घेतलं. एसीची खोली तीच राहिली, फक्त पाटी बदलली.

सुनीता मॅडमचा निरोप समारंभ फेब्रुवारीत झाला. संस्थेतर्फे कोणी जायला पाहिजे होतं. सचिवांना वेळ नव्हता. त्यांनी उमाटे साहेबांना पाठवलं. मला आधी ते खोटं वाटलं. पेन्शनचे कागद द्यायला मीही त्याच जीपमध्ये होते. साहेबांना त्या कोण हे आठवत होतं की नाही कोण जाणे. वाटेत ते मला नव्या प्रणालीबद्दल सांगत होते, जी याहून मोठी असणार होती. निघताना त्यांनी भोयरकडून 'त्या मून बाईची नोंद' छापून घेतली होती, भाषणासाठी.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. जुने विद्यार्थी बायकापोरांसह आले होते. पहिल्या रांगेत सुनीताबाई नवी निळी साडी नेसून बसल्या होत्या. साहेब माइकपाशी गेले, खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचू लागले.

"श्रीमती सुनीता रमेश मून यांनी संस्थेच्या वसतिगृहात मुलींना स्वतःच्या लेकरांसारखं जेवू घातलं. त्यांच्या हातच्या जेवणाची चव…"

आधी लोकांना वाटलं साहेब काही दाखला देत आहेत. ते वाचत राहिले. पहाटे उठून पेटवलेली चूल, भांड्यांची स्वच्छता, एकही तक्रार नाही. मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. मागं बसलेला तहसीलचा बाबू उठून उभा राहिला, त्याला शेजाऱ्यानं खाली ओढलं. मी मॅडमकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या साहेबांकडे सरळ बघत होत्या, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला त्याचं उत्तर पूर्ण करू द्यावं तसं.

साहेबांनी पूर्ण केलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि शाल मॅडमच्या खांद्यावर घातली. मॅडम शाल घेऊन तशाच माइकपाशी आल्या.

"साहेबांनी जे वाचलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ती बाई मी नाही. ती इथं बसली आहे. सुनीता, वर ये."

सुनीताबाई नको नको करत होत्या. दोन पोरींनी त्यांना धरून वर आणलं. मॅडमनी आपल्या खांद्यावरची शाल काढून त्यांना पांघरली. सुनीताबाईंनी डोळे पुसले, माइककडे तोंड केलं आणि ठसक्यात म्हणाल्या, "माह्या रिटायरमेंटले मॅडमचं वाचजा, साहेब. मी मंग बीएस्सीवाली!"

मंडप हसला, रडला, टाळ्या थांबेनात. साहेबही टाळ्या वाजवत होते. चांगले हात उंच करून. त्या टाळ्या आपल्या भाषणाला आहेत असा त्यांचा समज दिसत होता.

परत येताना जीपमध्ये ते खुशीत होते. "भाषण कसं झालं, झाडे मॅडम? पब्लिक हलली होती."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. आष्टी सोडल्यावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी संत्र्यांचा ढीग लावून बसली होती. साहेबांनी गाडी थांबवली. मला वाटलं पटकन घेऊन येतील. ते ढिगापाशी उकिडवे बसले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि एक संत्रं उचललं. ते चहूबाजूंनी फिरवून पाहिलं, देठाशी अंगठ्यानं दाबलं, नाकाशी नेलं, वजनाला तळहातावर झेललं. सालीवर बारीक डाग दिसला तसं बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. म्हातारी म्हणाली, बाप्पा, सगळे एकाच झाडाचे आहेत. ते म्हणाले, "असं कसं, बाई? दोन संत्रे कधी सारके राह्यते का?" ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, त्यांना ऐकूच गेला नाही. ऊन कलत होतं. ते एकेक संत्रं उचलत होते, फिरवत होते, आणि जोवर पूर्ण खात्री होत नव्हती तोवर एकही पिशवीत जाऊ देत नव्हते.